टाकीला भोक पाडण्याआधी

वाडा उतरवताना माळ्यावर सापडलेला पितळी दिवा, मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला जर्मन बनावटीचा दिवा, नाहीतर कोकणातल्या एखाद्या घरगुती मुक्कामाच्या पडवीत मांडलेला दिवा. विषय कुठूनही निघो, रॉकेलच्या जुन्या टेबल-दिव्यावरचा वाद शेवटी दोनच वाक्यांवर येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, रॉकेल म्हणजे विष आणि आग, दिवा ठेवायचाच असेल तर त्यात बल्ब बसवून घ्या. दुसरी म्हणते, आमच्या आज्या-पणज्यांनी याच उजेडात आयुष्य काढलं, त्यांना काय झालं? दोन्ही वाक्यं ठसक्यात म्हटली जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. विष म्हणणाऱ्यांनी कोणत्या दिव्यातून किती धूर निघतो हे पाहिलेलं नसतं, आणि आजीचा दाखला देणाऱ्यांना आजी त्या दिव्यासाठी रोज काय काय करत होती याचा विसर पडलेला असतो. माझं म्हणणं सरळ आहे. चालू स्थितीतला जुना दिवा वर्षातून चार-पाच संध्याकाळी, पूर्ण तयारीनिशी, जरूर पेटवावा. रोजच्या उजेडासाठी वापरू नये. आणि वीज खेळवायची म्हणून त्याच्या टाकीला भोक तर मुळीच पाडू नये.

आधी शब्द निवडून घेऊ, कारण या वादातला निम्मा गोंधळ शब्दांचाच आहे. रॉकेलवर जळणाऱ्या सगळ्याच वस्तूंना आपण ‘रॉकेलचा दिवा’ म्हणतो. पण चिमणी वेगळी, कंदील वेगळा, टेबल-दिवा वेगळा आणि पंप मारायची गॅसबत्ती तर पूर्णच वेगळी. चिमणी म्हणजे पत्र्याची छोटी डबी किंवा औषधाची बाटली, झाकणाला नळी, नळीत सुताची वात. शब्द आला इंग्रजीतल्या धुरांड्यावरून, पण आपल्याकडे तो चिकटला काचच नसलेल्या दिव्याला. कंदिलाला काच असते आणि तारांच्या पिंजऱ्यात ती घट्ट बसते, म्हणून तो हातात धरून वाऱ्यात नेता येतो. टेबल-दिवा एका जागी बसायचा. खाली वजनदार बैठक, वर टाकी, टाकीच्या तोंडाशी फिरकीचा बर्नर, त्यावर कड्यात बसणारी उंच काच आणि सगळ्यात वर शेड किंवा दुधी काचेचा गोळा. बर्मिंगहॅमच्या हिंक्स कंपनीने १८६५ मध्ये दोन पट्टी-वाती शेजारीशेजारी बसवलेला ‘डुप्लेक्स’ बर्नर आणला. बर्लिनच्या वाइल्ड आणि वेसेल यांच्या ‘कॉसमॉस’ बर्नरमध्ये सपाट वात वर जाताना गुंडाळली जाते आणि गोल होऊन बाहेर येते. त्याच्या काचेला मध्ये चिमटा काढल्यासारखी कंबर असते. ती कंबर नक्षीसाठी नाही, हवा ज्योतीवर नेमकी आपटावी म्हणून आहे.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? कारण रॉकेलच्या दिव्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा चिमणीचा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असं दिसलं की काच नसलेल्या साध्या वातीच्या दिव्यात जळलेल्या रॉकेलपैकी सात ते नऊ टक्के भागाची काजळी होते. शंभर ग्रॅम रॉकेलमागे सात-नऊ ग्रॅम बारीक काळी भुकटी, आणि ती जाते खोलीतल्या माणसांच्या छातीत. हा आकडा वाचून कुणाच्याही पोटात गोळा यावा. पण काच असलेल्या दिव्यात काजळीचं प्रमाण याच्या कितीतरी खाली येतं, आणि त्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. उंच काचेत तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी बर्नरच्या बुडातल्या बारीक भोकांतून ताजी हवा ओढली जाते आणि ज्योतीला दोन्ही बाजूंनी मिळते. जिनिव्हाच्या आमी आर्गांने १७८० च्या दशकात पोकळ वातीच्या आतूनही हवा खेळवली ती याचसाठी. तेव्हा रॉकेल बाजारात यायचं होतं, पण तत्त्व तेच होतं. चिमणीचा आकडा टेबल-दिव्याच्या माथी मारणं म्हणजे तीन दगडांच्या चुलीचा धूर मोजून गॅसच्या शेगडीला दोषी ठरवण्यासारखं आहे.

मात्र एवढ्यावर खूश होऊन थांबलेली दुसरी बाजू मला मान्य नाही. काजळी दिसली नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत घरात रॉकेल जाळू नये असंच सुचवलं आहे, आणि त्यामागे कारणं आहेत. साधा हिशेब करा. इंचभर रुंद वातीचा दिवा मध्यम ज्योतीवर तासाला अंदाजे पंचवीस मिलिलिटर रॉकेल पितो. त्यातून साठ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि पंचवीस-तीस ग्रॅम पाण्याची वाफ निघते. शांत बसलेला मोठा माणूस तासाला चाळीसेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे खोलीत दीड माणूस वाढला, आणि तो दीड माणूस नायट्रोजन आणि गंधकाचे ऑक्साइडही सोडतो. उष्णता अडीचशे वॅटच्या जवळपास. एवढं सगळं करून उजेड किती? जेमतेम शंभर लुमेन. नऊ वॅटचा एलईडी बल्ब आठ-नऊशे लुमेन देतो. तेव्हा रोजच्या वापराचा प्रश्न इथेच निकालात निघतो. ज्या घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे, तिथे चार-पाच संध्याकाळीही नको. इतरांनी खिडकी चार बोटं उघडी ठेवावी आणि तास-दोन तासांत दिवा शांत करावा.

भाजण्याचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. रॉकेलने भाजलेल्या बायकांनी आपल्या सरकारी दवाखान्यांतले वॉर्ड वर्षानुवर्षं भरले आहेत. हे विसरून दिव्याच्या सोनेरी उजेडाची वर्णनं लिहिणाऱ्यांचा राग येतो. पण ती भाजणी कशी व्हायची ते पाहिलं तर पंपाचा गळका स्टोव्ह, जमिनीवर ठेवलेली आणि पदराने लवंडलेली चिमणी, पेटत्या वस्तूत ओतलेलं रॉकेल ही कारणं पुन्हापुन्हा समोर येतात. टेबल-दिवा या यादीतून सुटलेला नाही. तोही लवंडतो, फुटतो. म्हणून तो हलत्या तिपाईवर नको, लोंबत्या टेबलक्लॉथवर नको, वाटेत नको. लहान मुलांच्या बाबतीत आगीहूनही सहज घडणारा अपघात म्हणजे थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल मुलाने पिणं. असं झालं तर मुलाला उलटी करायला लावू नये, कारण उलटी होताना रॉकेल फुप्फुसात उतरतं. तडक दवाखाना गाठावा. रॉकेल मूळ डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवावं. यात सवलत नाही.

आता ‘आज्यांना काय झालं?’ या प्रश्नाकडे येतो. त्याचं उत्तर रॉकेलच्या इतिहासात आहे, आणि तिथे दिव्यांचे स्फोट भरपूर आहेत. इग्नाट्सी लुकासिएविच या औषध-विक्रेत्याचा दिवा ३१ जुलै १८५३ रोजी आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी पेटला, आणि १८५९ मध्ये अमेरिकेत टायटसव्हिलला तेलाची विहीर लागल्यावर हे इंधन जगभर स्वस्त झालं. पण तेव्हा मोटारी नव्हत्या. खनिज तेल गाळताना निघणाऱ्या पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हतं. मग ते रॉकेलमध्ये मिसळून खपवण्याचा मोह कारखानदारांना आवरला नाही, आणि घरोघरी दिव्यांचे भडके उडू लागले. अमेरिकी तेल-कारखानदार रॉकफेलरने १८७० मध्ये आपल्या कंपनीचं नाव ‘स्टँडर्ड’ ठेवलं, ते आमचं रॉकेल प्रत्येक डब्यात एकसारखंच निघेल अशा हमीपोटी. किती तापमानाला रॉकेलची वाफ पेट घेते, त्याची किमान मर्यादा कायद्याने ठरवण्याची पाळी आली. ब्रिटनने १८७९ मध्ये एबल या रसायनशास्त्रज्ञाच्या उपकरणावर मोजून ती ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २३ अंश सेल्सियस ठरवली. आपल्या भारतीय मानकात आज हाच आकडा किमान ३५ अंश सेल्सियस आहे.

हा ३५ चा आकडा प्रत्येक दिवेवाल्याने पाठ करावा असा आहे. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारचा पारा ४५ ला भिडतो आणि रात्री दहा वाजताही घरातल्या भिंती तापलेल्या असतात. ज्या रॉकेलची वाफ ३५ अंशांना पेट घेऊ शकते, ते तिथे टाकीत नुसतं बसल्याबसल्याच त्या मर्यादेच्या वर गेलेलं असतं. टाकीच्या रिकाम्या भागात वाफ आणि हवा यांचं पेटण्याजोगं मिश्रण तयार असतं, वर ज्योतीच्या आचेने बर्नर आणि टाकीचं तोंड आणखी तापतं. मग विदर्भातल्या घरोघरी भडके का उडाले नाहीत? एक तर बाजारातलं बरंचसं रॉकेल या किमान मर्यादेपेक्षा चांगलं असतं. दुसरं, वात बर्नरच्या नळीत घट्ट बसलेली असेल तर ज्योतीला खाली टाकीत उतरायला वाटच राहत नाही. तिसरं, उन्हाळ्यात दिवा अंगणात असायचा, खोलीत कोंडलेला नसायचा. म्हणजे आज्या वाचल्या त्या दैवाने नाही. वात कोणत्या रुंदीची घ्यायची, टाकी किती भरायची, दिवा कुठे ठेवायचा हे त्यांना हाताच्या सवयीने येत होतं. ती सवय आज कुणाच्या हाताला आहे? आणि ती नसताना त्यांच्या सुखरूपपणाचा दाखला आपण कोणत्या हक्काने देतो?

म्हणून ती सवय शब्दांत मांडणं हे या बाजूच्या माणसांचं पहिलं काम आहे. दिवा हाती आल्यावर लगेच पेटवू नका. टाकी पितळी असेल तर ती धुऊन, पूर्ण वाळवून, रॉकेल भरून चोवीस तास परातीत जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. डाकाच्या, म्हणजे धातू वितळवून जोडलेल्या, शिवणीतून पाणी जिथे झिरपत नाही तिथून रॉकेल पाझरतं, म्हणून पाण्याच्या चाचणीवर विसंबू नये. कागदावर डाग आला तर डाक लावून घेतल्याशिवाय दिवा वापरात येत नाही. काचेच्या टाकीचा प्रश्न निराळा. तिच्या तोंडाशी पितळी कडं प्लास्टरने चिकटवलेलं असतं आणि शंभर वर्षांत ते प्लास्टर भुसभुशीत होतं. कडं हाताने हलवून पाहिलं आणि ते किंचितही डुललं, तर नव्याने बसवून घ्यावं लागतं. काचेच्या टाकीवर केसाएवढी चीर दिसली तर तो दिवा फक्त पाहायचा, पेटवायचा नाही. बर्नर काळा, चिकट झालेला असतो. वात काढून टाका आणि लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून बर्नर वीसेक मिनिटं उकळा. जुन्या रॉकेलचा राळेसारखा थर सुटतो, मग टूथब्रशने एकेक भोक मोकळं करा. बर्नरच्या बुडातली ही भोकं बुजली की ज्योत पिवळी पडते, धूर धरते, आणि माणसं दोष रॉकेलला देतात. टाकीत हवा जायला बर्नरमध्ये एक बारीकसं छिद्र असतं. ते बुजलं तर टाकी तापल्यावर आतला दाब वाटेल तिथून रॉकेल वर ढकलतो आणि बर्नरच्या अंगावरच ज्योत पसरते. सुई घालून ते मोकळं आहे ना, हे दर वेळी पाहावं.

वातीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण दिव्याचा जीव वातीत आहे. वात सुती हवी आणि नळीच्या मापाची हवी. फार घट्ट असली तर रॉकेल वर चढत नाही, सैल असली तर बाजूने वाफेला आणि ज्योतीला वाट मिळते. नवी वात बसवण्याआधी उन्हात किंवा गरम तव्याजवळ खडखडीत वाळवा. पावसाळ्यात सूत हवेतला ओलावा धरतं आणि मग ज्योत तडतडते. वात बसवली की टाकी भरून अर्धा तास थांबायचं. वातीच्या टोकापर्यंत रॉकेल चढण्याआधी काडी लावली तर रॉकेलऐवजी सूतच जळतं आणि टोक कायमचं कोळसतं. पट्टी-वात धारदार कात्रीने सरळ कापून तिचे दोन कोपरे तांदळाच्या दाण्याएवढे उडवायचे. नाहीतर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि ती काचेवर काळे ओघळ ओढतात. गोल वात मात्र कात्रीने कापायची नसते. तिच्यावरची काजळी कोरड्या फडक्याने एकाच दिशेला पुसून घ्यायची. एक सुटा धागा वर राहिला तरी तेवढ्याच जागी ज्योत उंच उठते. भारतीय मानकात रॉकेलसाठी धूर न होता ज्योत किती उंच राहू शकते याचाही आकडा आहे, किमान १८ मिलिमीटर. त्यावरून ध्यानात यावं की दिव्याची ज्योत म्हणजे मोठी करत नेण्याची गोष्ट नाही. काचेत धुराची पहिली रेघ दिसण्याआधीच फिरकी मागे घ्यायची.

पेटवण्याचाही क्रम आहे. टाकी पाऊण भरायची, काठोकाठ नाही, कारण तापल्यावर रॉकेल फुगतं. अगदी तळाला गेलेल्या टाकीवरही दिवा चालवायचा नाही, कारण रिकामी जागा जितकी मोठी तितकं वाफेचं मिश्रण जास्त. पेटत्या किंवा गरम दिव्यात रॉकेल कधीही ओतायचं नाही. पंखा आधी बंद करायचा. आपल्याकडे ही गोष्ट हमखास राहून जाते, आणि मग एका बाजूने वारा लागून तापलेली काच तडकते. काच बाजूला ठेवून वात किंचित वर काढायची, पेटवायची, लगेच बारीक करायची, काच बसवायची आणि पाच ते दहा मिनिटं ज्योत बारीकच ठेवायची. बर्नर तापला की ज्योत आपोआप वाढते, म्हणून पहिला पाव तास दिव्यासमोरून उठायचं नाही. माजघरात काजळलेल्या काचा आणि काळं पडलेलं छत दिसतं ते बहुतेक याच पाव तासाच्या दुर्लक्षाने. काच धरणाऱ्या पाकळ्या काचेला कवटाळून बसलेल्या नसाव्यात. काच तापून फुगते, आणि जागा मिळाली नाही तर बुडाशी तडा जातो. काचेच्या तोंडावर हात धरून पाहू नये, तिथली हवा कागद करपवण्याइतकी गरम असते. लाकडी तुळई, पडदे, कागदी आकाशकंदील यांपासून वरच्या बाजूला किमान मीटरभर अंतर हवं. विझवताना वात बारीक करून काचेच्या तोंडामागे (तोंडावर नव्हे) तळहाताचा आडोसा धरायचा आणि वरून आडवी फुंकर मारायची. वात नळीच्या खाली उतरवायची नाही, ती आत धुमसत राहते. हाताशी लहान पावडरचं अग्निशामक किंवा वाळूची बादली असावी. सांडलेल्या पेटत्या रॉकेलवर पाणी ओतलं तर आग पाण्याबरोबर पसरते.

इतकी यातायात करायचीच कशाला, हा प्रश्न इथे कुणीही विचारेल, आणि त्यातला एक आवाज मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. तो ज्यांच्या वस्तीवर वीज सगळ्यांत शेवटी पोचली त्यांचा. ते म्हणतात, आम्ही चिमणीखाली अभ्यास केला, सकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. तुमची हौस म्हणजे आमच्या लाचारीची शोभा. या म्हणण्यापुढे मान खाली घालावी लागते. रॉकेलचा दिवा हा काही आपला प्राचीन वारसाही नाही. समई आणि पणती करडई, करंज, एरंडाच्या तेलावर जळत होत्या. रॉकेल आलं ते परदेशी कंपन्यांच्या चार गॅलनच्या डब्यांतून, आणि आपल्या घरांत त्याचं राज्य शंभरेक वर्षंच टिकलं. घासलेट हा शब्दसुद्धा इंग्रजीतून येऊन आपल्या तोंडी घासला गेलेला. तेव्हा ‘आपली संस्कृती’ या नावाने दिव्याचं समर्थन करणाऱ्यांना मी साथ देणार नाही. पण याच आक्षेपावरून मी उलट्या निष्कर्षाला येतो. त्या दिव्यामागे कष्ट होते. दिवेलागणीआधी राखेने काच घासणं, वात कातरणं, रॉकेल मापून भरणं ही कामं घरातल्या बायका आणि मुली रोज, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करत होत्या. बल्ब बसवलेल्या दिव्यात ते कष्ट कुठे दिसतात? तिथे बटण दाबलं की पितळ चमकतं आणि जुना काळ सुंदर होता असा भास होतो. आपल्या हाताने काच पुसून, वात कापून, शंभर लुमेनमध्ये पानभर मजकूर वाचायला बसलेल्या मुलाला मात्र त्याच्या पणजीच्या संध्याकाळचा अर्थ कळतो, आणि वीज ही केवढी मोठी गोष्ट आहे हेही कळतं. दुःखाची शोभा कोण करतं आहे? बल्बवाला की वातवाला?

आता भोकाकडे. वीज बसवून देणारे कारागीर टाकीच्या बुडाला किंवा बाजूला दहा मिलिमीटरचं भोक पाडतात आणि त्यातून वायर घेतात. पितळी टाकीचं ते भोक नंतर बुजवता येतं हे खरं, पण डाक देताना लागणारी आच शेजारच्या शंभर वर्षांच्या शिवणी सैल करते आणि ती टाकी पुन्हा रॉकेलला विश्वासाची राहत नाही. काचेच्या टाकीला भोक पाडलं तर विषयच संपला. शिवाय काढलेला बर्नर दुकानातल्या भंगाराच्या डब्यात जातो, आणि दिव्यातली सगळ्यात विचाराने घडवलेली वस्तू नेमकी तीच असते. वीज हवी असणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्या घरात ज्योत नको त्या घरातही दिवा असावा. पण त्यासाठी भोकाची गरज नाही. बर्नर फिरवून काढा, कापडात गुंडाळून, कोणत्या दिव्याचा ते लिहून ठेवा. टाकीच्या कड्याच्या मापाचा आटे असलेला पितळी किंवा लाकडी तुकडा खरादीवर करून घ्या, त्यावर नेहमीचा बल्ब-होल्डर बसवा आणि वायर होल्डरच्या बाजूनेच बाहेर काढा. दोन ते चार वॅटचा फिलामेंट एलईडी लावला तर शेडही तापत नाही. उद्या घरातल्या कुणाला दिवा पेटवावासा वाटला तर पाच मिनिटांत बर्नर परत जागेवर येतो. जी गोष्ट परत फिरवता येते ती करावी. जी येत नाही ती आपल्या एका दिवाळीच्या सजावटीसाठी करू नये.

जतन करणारे जाणकार याच्या अगदी उलट टोकाने बोलतात. पेटवणं म्हणजे झीज, म्हणून पेटवूच नका, असं त्यांचं म्हणणं. हाताने रंगवलेल्या टाक्या, कोरीव नक्षीचे मूळ गोळे, ज्यांची जोडीची काच आता मिळणं शक्य नाही असे दिवे, यांच्यापुरतं ते मला पूर्ण मान्य आहे. तसा दिवा कपाटातच शोभतो. पण बाजारात फिरणारे बहुतेक दिवे तसे नसतात. एकाची बैठक, दुसऱ्याची टाकी, तिसऱ्याचा बर्नर असे जुळवलेलेच पुष्कळ असतात, आणि कित्येक तर मुरादाबादकडच्या पितळकामाचे नवे नमुने असतात. ते चालू ठेवण्यात वारशाची कसली हानी? आपल्याकडे याहून मोठं उदाहरण रुळांवर आहे. १८५५ मध्ये बांधलेलं ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचं इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झालं, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं राहिलं, आणि १९९७ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पर्यटकांना घेऊन धावलं. बाष्पक तपासायचा कसा, सांधे कुठे गळतात, हे ते चालवताना पुन्हा शिकावं लागलं. काचेआड उभ्या इंजिनाने ते कुणाला शिकवलं असतं?

‘वीज गेली तर उपयोगी पडेल’ हे समर्थन मात्र माझ्याच बाजूची माणसं करतात, आणि ते त्यांनी सोडून द्यावं. अंधारात, घाईत, वात कोरडी आहे की ओली हे न पाहता पेटवलेला जुना दिवा हाच सगळ्यांत धोक्याचा. वीज गेली तर चार्जिंगची बॅटरी काढा.

रॉकेल मिळवण्याचाही आता प्रश्न आहे. रेशनचं निळं रॉकेल गरजूंच्या चुलीसाठी आणि दिव्यासाठी होतं, हौशीसाठी ते कुणाकडून मागू नये. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात विचारावं, सीलबंद डब्यात घ्यावं. सुट्या मापाचं घेऊ नये, कारण त्याच मापाने थोड्या वेळापूर्वी थिनर किंवा पेट्रोल मोजलेलं असू शकतं आणि थोडीशी मिसळणही वाफेचा धोका बराच वाढवते. कागदावर थेंब टाकून डाग किती वेळ टिकतो हे पाहण्याची घरगुती रीत निव्वळ पेट्रोल ओळखते, मिसळण ओळखत नाही. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन दिव्यात घालण्याचा सल्लाही कधीकधी ऐकू येतो. ते इतकं दाट असतं की वात ते वर ओढू शकत नाही आणि जळून जाते. वर्षापूर्वीचं, पिवळं पडलेलं रॉकेलही वापरू नये, ते वातीत राळ साठवतं.

तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून. कराडजवळ ओगल्यांच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत पोचला, इतका की त्या कारखान्याच्या गावालाच ओगलेवाडी म्हणू लागले. काच ओतणं, तिला हळूहळू थंड करणं, बर्नरच्या मापाला नेमकी बसेल अशी ती फुगवणं, हे कसब तेव्हा कष्टाने कमावलं गेलं. आज ओगल्यांचा कारखाना बंद आहे. कारखाना बंद पडण्याला विजेचा प्रसार कारण झाला असं म्हणून सोडून देता येईल, पण सुट्या काचा आणि वाती आजही फिरोजाबादेत आणि आपल्या जुन्या पेठांतल्या दिवाबत्तीच्या दुकानांत मिळतात, त्या मागणारे कुणी आहेत म्हणूनच. सगळ्या दिव्यांना वायरी जोडल्या की तेही संपतील, आणि मग कपाटातल्या दुर्मीळ दिव्याची फुटलेली काच बदलायची म्हटली तरी ती बनवणारा सापडणार नाही.

आषाढातली दिव्यांची अवस हा या कामाला चांगला मुहूर्त आहे. घरातले सगळे दिवे त्या दिवशी घासूनपुसून पाटावर मांडतातच. संध्याकाळची हवाही बहुतेक ठिकाणी तीस अंशांच्या आत असते, म्हणजे रॉकेल आपल्या ३५ अंशांच्या मर्यादेखाली. फक्त वात दोन दिवस आधी डब्यात तांदळाबरोबर घालून कोरडी ठेवावी. काच नसेल तर आत्ताच शोधायला लागा. बर्नरच्या कड्याचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, फिरकीवर कोरलेलं अक्षर किंवा आकडा असेल तर टिपून घ्या, कारण जर्मन बर्नरवर माप ‘लीन’मध्ये असतं आणि एक लीन म्हणजे सव्वादोन मिलिमीटरहून किंचित जास्त. हे माप बर्नरचं, काचेच्या बुडाचं नव्हे; चौदा लीनच्या कॉसमॉसला बुडाशी बावन्न-त्रेपन्न मिलिमीटरची काच लागते. दुकानात जाताना बर्नर सोबत न्या आणि काच तिथेच कड्यात बसवून पाहा. ती हलकेच फिरली पाहिजे.